पाणी कुठं जातंय

जळगावच्या माणसानं हीटर असलेली गाडी विकत घ्यावी, याचं आमच्या पिंप्राळ्यात लोकांना बरेच दिवस कौतुक होतं. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला मला विचारायचा, "काकू, हीटर मे महिन्यात लावणार का?" मी हसून घ्यायचे, कारण गोष्ट हसण्यासारखीच होती. आमचे हे, भूपेंद्र, बँकेतून निवृत्त झाले आणि एका बंद पडलेल्या टूर कंपनीची ट्रॅव्हलर घेऊन घरी आले. आत दोन पलंग, छोटा ओटा, कपाटाएवढं न्हाणीघर आणि पलंगाखाली ते हीटर. "आता आपण देश हिंडू," म्हणाले. पुढचं वर्षभर ती गाडी आमच्या कॉलनीतल्या चिंचेखाली उभ्या उभ्या हिंडली.

मग माझ्या मोठ्या बहिणीला, कस्तुराअक्काला, तिची गरज पडली आणि हसणं बंद झालं.

अक्का धुळ्याला देवपुरात राहते. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मेघा ही एकच लेक. मेघाचा नवरा हिमाचलात, मनालीच्याही पुढे, रस्त्याच्या कामावर इंजिनीअर. मेघाला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं हे ठरलेलंच, पण डॉक्टरांनी प्रवासाला साफ मनाई केली. पोर इकडे येऊ शकत नाही म्हटल्यावर माहेरालाच तिकडे जाणं भाग होतं. पण जाऊन राहायचं कुठं? क्वार्टर म्हणजे एक खोली, खोलीत एक पलंग. मेघाच्या सासूबाई, पारोळ्याच्या बेबाबाई, फोनवर म्हणाल्या, "मी जाते ना. मला काय, खाली चटई टाकली की झालं. विहीणबाईंचे गुडघे कुठं खाली बसू देतात त्यांना!"

त्यानंतर अक्का दोन दिवस नीट जेवली नाही.

तेव्हा ह्यांनी सुचवलं की गाडीच घेऊन जाऊ. क्वार्टरच्या अंगणात उभी करू, अक्का गाडीत राहील, दिवसभर लेकीजवळ. "आणि थंडी?" मी विचारलं. "हीटर काय शोभेला आहे?" ते म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी हे वाक्य इतक्या रुबाबात कधी म्हटलं नव्हतं. अक्का जेवली.

म्हणजे हिशेब सोपा होता. हीटर चाललं तर अक्का लेकीजवळ, नाही चाललं तर बेबाबाई. तिकडे रात्री बादलीतलं पाणी गोठतं. बिनहीटरच्या पत्र्याच्या गाडीत साठीची बाई झोपवणं म्हणजे तिला कुल्फीच्या साच्यात घालणं. बेबाबाईंनी बजावूनच ठेवलं होतं, "तुमचं जमत नसेल तर शनिवारपर्यंत कळवा, मी रेल्वेचं रिझर्वेशन करते."

आम्ही गाडी धुळ्याला नेऊन अक्काच्या दारात लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर अक्का ताट घेऊन गाडीच्या पायरीवर. गाडीच्या दारात लाकडी पट्टीचा उंबरठ्यासारखा उंचवटा आहे. त्यावर तिनं बाजारातून आणलेली पितळी पट्टी ठोकली होती, लक्ष्मीची पावलं असलेली. वर हळदकुंकू, दोन झेंडूची फुलं.

"अक्का, गाडी आहे ही."

"आनि मी आठे महिनाभर राहू ते काय प्रवासी म्हनीसन?" ती तिच्या अहिराणीत म्हणाली. "घर शे ना हाई? मंग उंबरठा पूजाले नको?"

हे म्हणाले, "छान दिसतं हो अक्का." मलाही छान दिसलं.

त्या संध्याकाळी आम्ही पहिल्यांदा हीटर लावून पाहिलं. तासाभरात लाल दिवा लुकलुकला आणि हीटर बंद पडलं.

हे हीटर चालतं कसं, ते मी मोबाइलवर बघून बघून शिकले. घरात मिक्सरपासून गिझरपर्यंत सगळं मीच उघडते. हे झाकण बंद करायला असतात. डिझेलवर पेटणारी एक पेटी असते, तिच्यात कुलंट तापतं. कुलंट म्हणजे लग्नातल्या गुलाबी सरबतासारखं दिसणारं औषधी पाणी, जे थंडीत गोठत नाही. छोटा पंप ते फळ्यांच्या खालून गेलेल्या रबरी नळ्यांतून गाडीभर फिरवतो. एक जाळी पुढे, एक पलंगापाशी. तिथून ऊब येते आणि पाणी परत पेटीत. फेरा बंद आहे, त्यामुळे पाणी कमी व्हायचं काही कारणच नाही.

आणि पाणी कमी होत होतं. वरच्या पांढऱ्या बाटलीवर खूण आहे, पाणी तिच्याखाली गेलं की दिवा लागतो. आम्ही भरायचो, हीटर लावायचो, सकाळी पाणी खुणेखाली.

पहिल्यांदा मी सगळ्या नळ्यांचे क्लॅम्प, म्हणजे जोड आवळणाऱ्या पट्ट्या, पिळले. मग प्रत्येक जोडाखाली वर्तमानपत्र अंथरलं, म्हणजे थेंब पडला तर डाग दिसेल. सकाळी कागद कोरडे. मी पलंगाखाली पालथी पडून टॉर्च मारत होते, घाम नाकावरून टपकत होता, आणि ह्यांनी बाहेरून विचारलं, "मिळालं का?" मी म्हटलं, "हो, मिळालं. माझं डोकं. ते फिरलंय."

मग मोबाइलवरच्या एका माणसानं सांगितलं की कधीकधी पाणी इंजिनात शिरतं. ह्यांनी ऑइलची काठी बाहेर काढली. दुधाळ दिसलं तर संपलं सगळं, असं तो म्हणाला होता. आम्ही दोघं त्या काठीकडे पोटुशी बाई सोनोग्राफी बघते तसे बघत होतो. ऑइल काळंकुट्ट, निर्मळ. एवढं घाण तेल बघून मला इतका आनंद आयुष्यात झाला नव्हता. पण मग पाणी जातंय कुठं?

शेवटी आग्रा रोडवरून हितेंद्रला आणलं. हा ट्रकचे रेडिएटर दुरुस्त करतो. त्यानं गाडीत डोकावून पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "मावशी, धुळ्यात हीटर कसाले?"

"बाळंतपणाला."

त्यानं दोनदा क्लॅम्प हलवले, मग म्हणाला, "मूठभर हळद टाका पाण्यात. ट्रकवाले तेच करतस. गळती बुजी जास."

"आणि बोटाएवढ्या नळ्या? त्याही बुजतील ना?"

"हा, त्या बी बुजी जातीन," त्यानं प्रामाणिकपणे कबूल केलं.

मग त्यानं बाटलीच्या तोंडाला दाबाचा काटा लावला आणि सायकलच्या पंपानं हवा भरली. काटा जागचा हलेना. अर्धा तास आम्ही चौघं काट्याकडे बघत बसलो, अक्का माळ ओढत. काटा तिथंच.

"कायबी लीक नही," हितेंद्र म्हणाला. "गाडी बठ्ठी टाइट शे."

"मग पाणी?"

"उडी जात व्हई."

"बंद नळीतून कसं उडेल रे?"

"ते माले काय माहीत, मावशी. मी सांगस ते मशीन सांगस." तो गेला. मला त्याचा राग आला नाही, त्याच्या मशीनचा आला. मशीन खोटं बोलत नव्हतं आणि बाटली पण खोटं बोलत नव्हती, आणि दोघांच्या मध्ये मी बसले होते, हाताला कुलंटचा चिकटा आणि डोक्यात जाळं.

गुरुवारी मी ह्यांच्यावर ओरडले. कारण क्षुल्लक होतं, त्यांनी बाटली भरताना पाणी सांडलं. मी म्हटलं, बँकेत नोटा मोजताना हात थरथरत नव्हते, आता थरथरतात. ते म्हणाले, "नोटा ओल्या नव्हत्या."  अक्का आतून बघत होती. तिनं डिंकाच्या लाडवांचे डबे बांधून दाराशी ठेवले होते. त्यातला एक तिनं उचलला, उघडला आणि आम्हाला एकेक लाडू दिला. मेघाचे लाडू. तेव्हा मला कळलं की हिनं आशा सोडत आणली आहे.

त्याच दिवशी पारोळ्याहून निरोप आला. बेबाबाईंचा नव्हे, अक्काच्या सासरच्या भाऊकीतला कुणी म्हातारा गेला होता. लांबचा, पण सुतक लागलंच. तीन दिवस देव नाही, पूजा नाही. अक्कानं देवघराचा पडदा ओढून घेतला. मला सुतक नाही, मी परक्या घरची. पण तिच्या देवांना हात लावायचा मला धीर झाला नाही.

रात्री आम्ही पुन्हा हीटर लावलं. पुन्हा दिवा.

शुक्रवारी सकाळी बाटली बघायला गाडीकडे गेले. बघायचं काय होतं? पाणी खाली गेलं असणार हे ठाऊकच होतं, आणि गेलं होतं. पायरीवर बसले. अक्का ओसरीवर, हातात मोबाइल घेऊन, बेबाबाईंना काय सांगायचं याचे शब्द जुळवत. मला रडू येईल असं वाटलं म्हणून खाली बघितलं.

उंबरठ्यावर कुंकू होतं. ओलं, ताजं, पितळी पट्टीच्या कडेनं पसरलेलं.

मी ह्यांना हाक मारली. "तुम्ही पूजा केलीत का हो?"

"मी? माझी आंघोळ तरी झालीय का?"

"अक्का! तू कुंकू वाहिलंस?"

"येडी शे का तू, सरी? सुतक शे माले."

मी बोट लावलं. कुंकू बोटाला लागतं तेव्हा पूड लागते. हे चिकट होतं, पाकासारखं. चोळलं तर बोटं एकमेकांना धरून बसली. वास घेतला. गोडसर, औषधाच्या दुकानासारखा. आणि तिथं मुंग्यांची एक रांग लागली होती, तिला सुतकबितक काही नव्हतं.

"अक्का," मी म्हटलं, "हे रोज असंच असायचं का? तू पुसायचीस ते?"

ती खाली आली. "रोज. सकायले दखू ते कालनं कुंकू फैलायेल राहे. मी पुसू आनि नवं वाहू." मग थोडं थांबून, जरा लाजून म्हणाली, "माले वाटनं देवी पावनी."

"देवी नाही पावली, अक्का! नळी फुटली!"

इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई थांबली. आठवडाभर मी पलंगाखाली पालथी पडून पाणी शोधत होते आणि येता-जाता त्या पाण्याला पाय लागू नये म्हणून लांब ढांग टाकत होते. आम्ही रात्री गळवायचो, ती पहाटे पुसायची. लाल डाग उंबरठ्यावर दिसला की तो कुंकवाचा, याबद्दल आमच्यात कुणालाही शंका घ्यायची सवय नाही. मोबाइलवरच्या त्या माणसाच्या घराला उंबरठा नसावा. त्यानं हे सांगितलंच नव्हतं.

ह्यांनी उंबरठ्यालगतच्या फळीचा स्क्रू काढला, फळी उचलली. खाली भिजलेला फोम, गर्द गुलाबी. आणि त्यातून जाणारी काळी नळी, जी पुढच्या जाळीकडून पलंगाकडे वळते, बरोबर उंबरठ्याखालून. पितळी पट्टीच्या चार खिळ्यांपैकी एक तिच्या पोटात घुसून उभा होता. आता सगळं लक्षात आलं. थंड असताना रबर खिळ्याला आवळून धरत होतं, म्हणून हितेंद्रच्या काट्याला काही सापडलं नाही. तापलं की रबर सैल व्हायचं आणि खिळ्याच्या कडेनं पाणी वर झिरपायचं.

अक्का फळीजवळ वाकून बघत होती.  मग म्हणाली, "खिया मीच ठोकात."

मी फळी बाजूला ठेवली. बोलायला तोंडात पुष्कळ होतं.

"म्हनजे बेबाबाई जाई ते मन्हामुये जाई."

"अजून कुणी जात नाहीये," मी म्हटलं. "तू आधी तो फोन खाली ठेव."

पण फोन तेवढ्यात वाजलाच. बेबाबाई. अक्कानं स्पीकर लावला, ती नेहमी लावते, तिला कानाशी धरून ऐकू येत नाही.

"काय विहीणबाई, हललं का तुमचं घर?"

"नही. पन हाली."

"माझं काही म्हणणं नाही हो. बर्फात माणूस अडकायला नको, एवढंच. मी आपली बॅग भरून ठेवली आहे."

"ठेवा भरीसन. कपडा खराब नही व्हतीस," अक्का म्हणाली आणि फोन ठेवला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आते काय करनं, सांग."

हितेंद्रला फोन केला. त्यानं सांगितलं की नळी दोन्हीकडून चिमट्यानं दाबून धरा, मगच खिळा काढा. हे वाक्य पूर्ण व्हायच्या आत ह्यांनी खिळा काढला. गुलाबी कारंजं त्यांच्या बनियनवर, चष्म्यावर, छतावर. पुढची पाच मिनिटं मी जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. ते शांतपणे चष्मा पुसत म्हणाले, "पण भोक सापडलं."

फुटका तुकडा कापून काढला. दोन टोकं जोडायला आतून घालायची पितळी नळी लागते, वर दोन क्लॅम्प. हे ती आणायला गेले, मोठी घेऊन आले. परत गेले, आली ती लहान. तिसऱ्यांदा मी रिक्षात बसून नळीचा कापलेला तुकडाच घेऊन गेले, दुकानदारासमोर ठेवला आणि म्हटलं, "यात जाईल ते." त्यानं एका मिनिटात दिलं. ह्यांना तुकडा न्यायला सांगितलं नव्हतं का? दोनदा सांगितलं होतं.

जोड घातला, आवळला, कुलंट भरलं, हीटर लावलं. उंबरठा कोरडा. आम्ही तिघं श्वास धरून. पुढची जाळी गरम झाली. मी पलंगापाशी हात लावला. गार. अर्धा तास झाला तरी गारच. मला वाटलं हातोडी घ्यावी आणि अख्खी गाडी पुन्हा चिंचेखाली पाठवावी.

"हवा अडकली," हितेंद्र फोनवर म्हणाला. "नाक वर करा गाडीनं. आनि नळी दाबत दाबत हवा बाटलीकडे आना."

ह्यांनी पुढची चाकं शेजारच्या बांधकामाच्या रेतीच्या ढिगावर चढवली. मी नळी दाबू लागले. बुडबुड आवाज यायचा आणि परत जायचा. माझ्या बोटांतला जोर संपला. अक्कानं मला बाजूला सारलं. गुडघे दुखतात म्हणून खाली न बसणारी बाई फतकल मारून गाडीत बसली आणि दोन्ही हातांनी नळी धरून ओढू लागली, वरून खाली, एका लयीत, आधी एक मूठ मग दुसरी, म्हशीची धार काढावी तसं. नवरा असताना तिच्या दारात म्हैस होती; ते हात विसरले नव्हते. बाटलीत बुडबुडे येऊ लागले. पाणी खाली जायचं, मी वरून घालायची. "चाल, चाल, ये," ती नळीला म्हणत होती, "दे ना, बाय."

शेवटी एक मोठा ढेकर आला आणि पाणी स्थिर झालं.

मग परीक्षा. दारं-खिडक्या बंद करून हीटर पूर्ण सोडलं. ऑक्टोबरातली धुळ्याची दुपार, बाहेरच अंग भाजत होतं, आणि आत आम्ही तिघं पलंगावर बसून घाम गाळत होतो. ह्यांच्या बनियनवरचे गुलाबी डाग पुन्हा ओले झाले. अक्कानं पाय पलंगापाशीच्या जाळीला लावले होते. अर्ध्या तासानं मी म्हटलं, "पुरे आता, मरू आपण." ती म्हणाली, "थांब. रात्रभर चालाले पाहिजे." आणि पदरानं तोंड पुसत बसून राहिली. मी पुन्हा पुन्हा उठून उंबरठ्यावर बोट फिरवायची. कोरडा. बाटलीतलं पाणी खुणेवर.

दिवेलागणीपर्यंत आम्ही हीटर बंद केलं नाही. पाणी खुणेवरून हललं नाही.

मेघाला फोन लावला. तिनं फोन उचलताच विचारलं, "आई, जमलं का गं?" तिचा आवाज मुद्दाम हलका होता, नाही जमलं तरी आईला वाईट वाटू नये असा. अक्का म्हणाली, "पाय भाजी गयात मन्हा. निघस सकायले."

पलीकडून मेघा रडली की हसली, कळलं नाही. लाइन तिकडची नेहमीच खराब.

मी डबे गाडीत ठेवायला उचलले. ह्यांनी नकाशा काढला. शिरपूर, सेंधवा, इंदूर, वर वर. अक्का म्हणाली, "आनि बेबाबाईले फोन लाव."

"सांगते मी," मी उत्साहानं म्हटलं. माझ्याकडे आठवडाभर साठवलेलं एक वाक्य होतं.

"तू नको सांगू. मी बोलस." तिनं फोन घेतला. "विहीनबाई, गाडी चालू व्हयनी. तुम्ही रिझर्वेशन नका करू."   मग बेबाबाईंचा आवाज, नेहमीपेक्षा बारीक, "बरं झालं. मी झबली शिवली होती. टोपडी पण. ती... पोस्टानं पाठवते मग."

"पोस्टाने कसाले?" अक्का म्हणाली. "येतस ना आम्ही. बॅग भरेल शे ना तुमनी?"



"दोन पलंग शेत गाडीमा," ती फोनमध्ये सांगत होती. "एक तुमना, एक मन्हा. पाय गरम राहतस, मी दखं. हा. हा, सकायले. तयार राहा."

फोन ठेवल्यावर ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तिना बी नातू शे."

पारोळा आमच्या वाटेवर नाही. बरोबर उलट्या दिशेला आहे. दोघी विहिणी महिनाभर एका गाडीत, मध्ये हातभर जागा, आणि ती गाडी तिथंवर चालवत नेणारे आम्ही दोघं. मी ह्यांच्याकडे बघितलं. त्यांनी नकाशा घडी करून खिशात ठेवला, रेतीच्या ढिगावरून गाडी खाली घेतली आणि तिचं तोंड पारोळ्याकडे करून लावली.